मोटरसायकलचा छंद, आयटीचा पगार : इलेक्ट्रॉनिक सिटीतला हिशेब

शनिवारी पहाटे बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत होसूर रोडवरच्या पेट्रोल पंपांवर केए-५१ च्या गर्दीत एमएच-०९, एमएच-१२, एमएच-१४ आणि बेळगावच्या केए-२२ च्या नंबरप्लेट हमखास दिसतात. अंगात जॅकेट, गुडघ्याला गार्ड, मागे बांधलेली सॅडलबॅग. कोल्हापूर, पुणे, चिंचवड, बेळगावकडून आलेली ही मंडळी सोमवार ते शुक्रवार टेस्टिंग करतात, कोड लिहितात, रात्रपाळीत सपोर्टचे फोन घेतात. मोटरसायकलवेडी माणसं पोटासाठी काय करतात, याचं इथलं उत्तर सरळ आहे. नोकरी संगणकावरची, आणि पगारातला एक वाटा गाडीचा. तो वाटा किती असावा, कुठे जातो, कुठे वाचवता येतो आणि कुठे वाचवू नये, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. आणि तीन-चार वर्षं नोकरी झाली की पुढचा प्रश्न पडतोच: या छंदावरच पोट भरेल का?

दोन्ही प्रश्नांचा हिशेब इथे मांडला आहे. किमती २०२५-२६ च्या सुमाराच्या आहेत. गॅरेज, टायर, मुक्काम यांचे आकडे गोल धरले आहेत. ते प्रत्यक्ष विचारूनच घ्यावेत.

शोरूमचा आकडा आणि खरा आकडा

आधी एक बदल लक्षात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरच्या इंजिनांना पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि ३ टक्के उपकर लागायचा. तिथे आता सरळ ४० टक्के लागतात. म्हणजे ३४९ सीसीची गाडी स्वस्त झाली आणि ४०० ते ६५० सीसीच्या गाडीवरचा कर वाढला. काही कंपन्यांनी वाढीव कराचा भार काही काळ स्वतः सोसला, पण तसं धरून बेत आखू नये. पहिली मोठी गाडी घेणाऱ्याने ३५० ची रेघ ओलांडण्याआधी दोनदा विचार करावा, कारण ती रेघ विम्यातही आडवी येते.

एक्स-शोरूम २ लाख रुपयांची ३५० सीसी गाडी धरू. कर्नाटकात १ लाखावरच्या दुचाकीला आजीवन कर १८ टक्के आहे. त्यावरचा उपकर मिळवला की तो २० टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे ४०,००० रुपये इथेच गेले. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. जून २०२२ च्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीसाठी तो ७,३६५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ८,७०० रुपये. ३५० च्या वर गेलात की मूळ रक्कमच १५,११७ होते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा विमा, मालकाचा अपघात विमा, नोंदणी आणि नंबरप्लेट धरली की २ लाखांची गाडी अडीच लाखांच्या पुढे जाऊनच दारात उभी राहते.

कर्ज काढलंत तर २ लाखांवर १२ टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता ६,६४३ रुपये बसतो आणि व्याजापोटी ३९,००० रुपये जातात. मोठ्या आयटी कंपन्यांत नव्याने लागणाऱ्यांचा पगार कित्येक वर्षं साडेतीन-चार लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. महिन्याला हातात पंचवीस-सव्वीस हजार येतात, त्यातले आठ ते बारा हजार नीलाद्री रोडच्या किंवा दोड्डतोगूरच्या पीजीत जातात. त्यातून हा हप्ता भरायला गेलं तर गाडी घरी उभी राहते आणि पेट्रोलला पैसे उरत नाहीत.

माझं माप असं आहे: हप्ता धरून गाडीचा एकूण मासिक खर्च हातात येणाऱ्या पगाराच्या १५ टक्क्यांच्या आत राहावा. ३५० सीसीची नवी गाडी कर्जावर घ्यायची तर त्या मापाने हातात सत्तर हजारांच्या वर यायला हवेत. ते येईपर्यंत ६० ते ८० हजारांत १५० ते २०० सीसीची चांगली सांभाळलेली जुनी गाडी रोखीने घ्यावी. वर्षाला ५,००० किलोमीटर चालवली तर पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि विमा मिळून वीस हजारांच्या आसपास भागतं. रस्ता शिकायलाही तीच गाडी बरी.

जुनी गाडी घेताना इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी कागद पाहा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हवा. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. आणि ई-चलान तपासा. बेंगळुरूत सिग्नलच्या कॅमेऱ्यांनी साठवलेले दंड गाडीच्या नंबरावर बसतात आणि विक्रेता निघून गेला की ते तुमच्या गळ्यात पडतात.

एमएच नंबर घेऊन आलात तर

महाराष्ट्रात ३०० सीसीच्या आसपासच्या आणि वरच्या दुचाकींचा कर ११-१२ टक्क्यांच्या घरात असतो, म्हणून अनेकजण गाडी गावी घेतात आणि इथे आणतात. २ लाखांच्या गाडीवर सोळा-सतरा हजार वाचतात. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली की तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत, इथे गाडीच्या वयाप्रमाणे पुन्हा कर, आणि मग महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज. परतावा मिळतो, पण पाठपुरावा करावा लागतो आणि त्यासाठी रजा जाते. वर्षाच्या आतल्या प्रोजेक्टवर आलात तर एमएच गाडी ठीक. चार-पाच वर्षं इथेच राहायचं असेल तर इथलीच घ्या. गाडी नेमकी कधी इथे आली याचा पुरावा जवळ ठेवा: रेल्वेच्या पार्सलची पावती किंवा वाटेतल्या पंपाचं बिल.

बीएच मालिका २०२१ पासून आहे. चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीच्या कर्मचाऱ्याला ती नियमाप्रमाणे मिळू शकते. कंपनीकडून फॉर्म ६० घ्यावा लागतो आणि कर दोन-दोन वर्षांनी भरावा लागतो. कर्नाटकात खासगी नोकरदारांना हा नंबर देण्यावरून वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. म्हणून विक्रेत्याला पैसे देण्याआधी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या आरटीओत जाऊन स्वतः विचारा.

किलोमीटरमागे किती?

आता चालवण्याचा खर्च. तीच ३५० सीसी, वर्षाला १०,००० किलोमीटर, लिटरला ३३ चं मायलेज, पेट्रोल १०३ रुपये. पेट्रोलचे ३१,२०० होतात. दोन सर्व्हिसिंग ७,०००. चेन दर ५०० किलोमीटरला साफ करून तिला ल्यूब लावायचं म्हटलं तर वर्षाचं साहित्य १,५००. टायर आणि चेन-स्प्रॉकेट दरवर्षी बदलत नाहीत, पण झीज रोज होते. त्यांचा वर्षाचा वाटा अनुक्रमे ४,५०० आणि २,५००. विम्याचं नूतनीकरण ४,५०० धरा. बेरीज ५१,२००, म्हणजे किलोमीटरला पाच रुपयांहून थोडं जास्त. पाच वर्षांनी गाडी निम्म्या किमतीला जाते हे धरलं तर वर्षाला आणखी पंचवीस हजार. किलोमीटरचा खरा भाव साडेसात रुपयांच्या पुढे जातो.

हा आकडा पाठ करून ठेवा. रविवारी सकाळी येलागिरीला चौदा वळणांचा घाट चढून आलात तर तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर होतात. पंपावर हजारेक रुपये गेलेले दिसतात, प्रत्यक्षात अडीच हजारांच्या आसपास गेलेले असतात. होगेनक्कल त्याहून जवळ, कोल्ली हिल्सची सत्तर वळणं मुक्कामाशिवाय करू नयेत. महिन्यातून दोन राइड ठरवा आणि त्या मनापासून करा.

रोजच्या ऑफिसच्या वाटेवर मात्र ही गाडी झिजवू नये. १० ऑगस्ट २०२५ ला मेट्रोच्या यलो लाइनचं उद्घाटन झालं. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र, १९ किलोमीटर, सोळा स्थानकं, आणि इन्फोसिसच्या दारात कोनप्पन अग्रहार. सुरुवातीला या टोकापासून त्या टोकापर्यंत तिकीट ६० रुपये होतं. तेवढ्या अंतराला ३५० सीसी गाडी नुसत्या पेट्रोलचे तेवढेच पैसे खाते. शिवाय सिल्क बोर्डच्या कोंडीत जळणारी क्लच प्लेट वेगळी. होसूर रोडवर जानेवारी २०१० मध्ये सुरू झालेल्या उन्नत महामार्गावर दुचाकीलाही टोल आहे, हे महाराष्ट्रातून नव्याने आलेल्यांना माहीत नसतं, कारण आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल भरायची सवय नाही. नाइस रोडवरही तो भरावा लागतो.

इथे काटकसर नको

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. हे आकडे केंद्र सरकारच्या अहवालातले आहेत. म्हणून अडीच लाखांच्या गाडीसाठी निदान तीस हजार अंगावरच्या संरक्षणाला बाजूला काढा, आणि ते गाडीच्या बुकिंगच्या दिवशीच काढा.

हेल्मेटवर आयएस ४१५१ ची आयएसआय खूण १ जून २०२१ पासून सक्तीची आहे. १,२०० रुपयांत असं हेल्मेट मिळतं. महामार्गावर रोज तासनतास बसणाऱ्याने चार ते आठ हजारांतलं, ईसीई २२.०६ प्रमाणपत्राचं घ्यावं. भारतीय कंपन्यांचीही आता आहेत. ऑनलाइन मागवू नका. दुकानात जाऊन दहा मिनिटं डोक्यावर ठेवा. कपाळावर एका जागी टोचलं तर माप चुकलं. पडलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदला, कारण आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो.

जॅकेटचे आठ ते पंधरा हजार. आतल्या लेबलवर ईएन १७०९२ लिहिलेलं आणि पुढे ए, एए किंवा एएए असा दर्जा दिलेला असतो. जितके ए जास्त तितकं घसरण सोसणारं. खांदा-कोपराच्या पॅडवर ईएन १६२१ आणि लेव्हल १ किंवा २ छापलेलं असतं. पाठीचं पॅड पुष्कळ जॅकेटांत नुसता फोमचा तुकडा असतो, तो वेगळा घ्यावा लागतो. हातमोजे आणि घोट्याच्या वर जाणारे बूट यांना मिळून आठ-दहा हजार. या व्यवसायातली तीन भारतीय नावं दुचाकीप्रेमींनीच उभी केलेली आहेत: बेंगळुरूची व्हायाटेरा आणि क्रॅमस्टर, मुंबईची रायनॉक्स. बाहेरच्या मालाच्या मानाने किंमत आटोक्यात, आणि जॅकेटची झिप तुटली तर दुरुस्तीला पाठवता येतं.

विम्यात एक गैरसमज फार आहे. मालक-चालकाचा जो १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो तो मृत्यू आणि कायमचं अपंगत्व यांसाठी. कॉलरबोन मोडलं, दीड महिना घरी बसावं लागलं, तर त्यातून काही मिळत नाही. कंपनीचा आरोग्य विमा हॉस्पिटलचं बिल भरतो, पण नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो संपतो. म्हणून स्वतःच्या नावाचा आरोग्य विमा आणि तात्पुरत्या अपंगत्वात आठवड्याला रक्कम देणारा वेगळा अपघात विमा घ्या. पंचविशीतल्या निरोगी माणसाला दोन्ही मिळून वर्षाला पंधरा हजारांच्या आतबाहेर पडतात. झीरो डेप्रिसिएशन पहिली तीन-चार वर्षं घ्यावंच, नाहीतर प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांची निम्मी किंमत दाव्यात कापली जाते.

आणि सायलेन्सर. मोठ्या आवाजासाठी दहा-वीस हजार घालवण्याचा मोह आवरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीने दिलेल्या रचनेत मूलभूत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. पोलीस सायलेन्सर जप्त करतात, विमा कंपनी दाव्याच्या वेळी बोट ठेवते, आणि पीजीच्या गल्लीत पहाटे झोपलेल्या रात्रपाळीवाल्यांना त्रास होतो. त्याच पैशात एबीएस असलेल्या गाडीला उत्तम टायर येतात.

गावाकडचा रस्ता

इलेक्ट्रॉनिक सिटीतून नाइस रोडने तुमकूर रोडला लागायचं, मग तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हावेरी, हुबळी, धारवाड, बेळगाव, तवंदीचा घाट उतरून निपाणी आणि कोल्हापूर. सव्वासहाशे किलोमीटर धरा, पुणे साडेआठशे. नाइस रोडवर जानेवारी २०२२ पासून रात्री १० ते पहाटे ५ दुचाकीला बंदी आहे, म्हणून शुक्रवारी रात्री ऑफिस सुटल्यावर निघण्याचा बेत मुळातच नको. पाचला निघालात तर ऊन चढण्याआधी चित्रदुर्ग मागे पडतं. एका दिवसात कोल्हापूर गाठणारे आहेत; मी हुबळीत किंवा धारवाडात मुक्काम सुचवेन, दीड-दोन हजारांत बरी खोली मिळते. हुबळी-धारवाड बाह्यवळण बरीच वर्षं दुपदरी राहिल्याने तिथे समोरासमोरचे भीषण अपघात झाले आहेत. तिथे ओव्हरटेकचा विचारही करू नका.

जाऊन-येऊन पेट्रोल ३,९०० रुपये, आणि वरच्या भावाने खरा खर्च साडेनऊ हजार, मुक्काम वेगळा. रेल्वेच्या स्लीपरने याचा लहानसा भागही लागत नाही. दिवाळीला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मिरज-सांगलीला जा. गाडीने जायचं तर पावसाळा सरल्यावर, सोमवारची रजा जोडून, वर्षातून एकदा. बदली झाली आणि गाडी कायमची न्यायची असेल तर रेल्वे पार्सलने पाठवा: टाकी रिकामी, आरसीची प्रत, गोणपाटाचं पक्कं बांधकाम आणि आरसे काढून पिशवीत.

छंदावर पोट भरायचं म्हटलं तर

हा भाग लांबणार आहे, कारण इथे चुकलेला निर्णय गाडीपेक्षा खूप महाग पडतो.

आधी नोकरी सांभाळून वरकमाई करण्याचं. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने दुसरीकडे काम करणाऱ्या ३०० कर्मचाऱ्यांना काढलं. त्याच महिन्यात इन्फोसिसने दुहेरी नोकरीविरुद्ध इशारा दिला, आणि पुढे वरिष्ठ आणि एचआरच्या पूर्वपरवानगीने बाहेरची छोटी कामं करायला वाट ठेवली. शनिवारी-रविवारी राइड नेणं, दुचाकीवर लिहिणं, व्हिडिओ करणं यांतून चार पैसे येणार असतील तर आधी लेखी परवानगी घ्या. तोंडी होकार पुरत नाही. ते उत्पन्न विवरणपत्रात दाखवा. स्वतःच्या पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीवर मोबदला घेऊन माणसं नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. बाइक टॅक्सीचा मार्ग कर्नाटकात किती डळमळीत आहे हे जून २०२५ मध्ये दिसलं, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सेवा बंद पडल्या आणि वाद पुढे चालू राहिला. कोर्टाच्या तारखांवर घरखर्च चालवू नये.

दुसरा मार्ग भाड्याच्या गाड्या आणि सहलींचा. भाड्याच्या दुचाकीला काळी प्लेट आणि पिवळी अक्षरं असतात, आणि १९९७ च्या केंद्रीय योजनेखाली परवान्यासाठी निदान पाच मोटरसायकली लागतात. अडीच लाखांच्या पाच गाड्या म्हणजे साडेबारा लाख. त्यावर परमिट, व्यावसायिक विमा, जागेचं भाडं. नुसता वाटाड्या म्हणून जायचं आणि दिवसाला तीन हजार धरले, तरी महिन्यातल्या आठ सुट्ट्यांचे चोवीस हजार होतात. पावसाळ्याचे महिने आणि स्वतःच्या गाडीची झीज वजा केली की हातात फार थोडं उरतं. मनापासून आवडत असेल तर जरूर करा, पण पगाराला पर्याय म्हणून नाही. आणि आधी सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स किंवा रेड क्रॉसचा प्रथमोपचाराचा वर्ग करा. दहा जणांना घाटात नेणाऱ्याला रक्तस्राव थांबवता आलाच पाहिजे.

तिसरा, शर्यत आणि प्रशिक्षण. बेंगळुरूचे सी. एस. संतोष २०१५ मध्ये डाकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. कोलारजवळ त्यांचं बिगरॉक डर्टपार्क आहे. बेंगळुरूचीच ऐश्वर्या पिस्से २०१९ ची महिलांची एफआयएम विश्वचषक विजेती. डांबरी ट्रॅकसाठी श्रीपेरुंबुदूरजवळचं इरुंगट्टुकोट्टई, इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि कोइमतूरचं करी स्पीडवे. प्रशिक्षणाचा एक दिवस साधारण दहा हजारांपासून पुढे जातो, भाड्याची गाडी घेतली तर जास्त. तुमची नेहमीची पॉलिसी ट्रॅकवर चालत नाही, हे लक्षात ठेवा. शर्यतीसाठी एफएमएससीआयचा परवाना लागतो. यात कारकीर्द व्हायची तर वीस वर्षांच्या आत सुरुवात आणि कंपनीचा पाठिंबा हवा. तिशीतल्या माणसाने शिकण्यासाठी जावं. तेवढ्या शिक्षणाने रस्त्यावरचं ब्रेकिंग सुधारतं आणि ते दहा हजार वसूल होतात. २०२१ च्या डाकारमध्ये उतरलेले आशिष रावराणे मर्चंट नेव्हीतले आहेत. एवढ्या वरच्या पातळीवरही घर चालवणारा पेशा वेगळा आणि मोटरसायकल वेगळी, हे त्यांच्या उदाहरणात दिसतं.

चौथा मार्ग गॅरेजचा. ते स्वप्न जावा-येझदीच्या प्रेमातून येतं. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९९६ पर्यंत बनलेल्या या गाड्या या भागात अजून जिवंत आहेत, आणि जे. सी. रोडवर फिरून सुटे भाग जमवणारे कारागीर आहेत. एक गाडी पूर्ण उभी करायला लाख-दीड लाख लागतात आणि कित्येक महिने जातात. एवढे पैसे देणारी गिऱ्हाइकं मोजकी असतात. दुसरीकडे आजच्या गाड्यांना ईसीयू, एबीएस, स्कॅनर. नुसत्या पान्यांवर गॅरेज चालत नाही. आयटीआय झालेला, कन्नड आणि तमिळ बोलणारा भागीदार मिळाला आणि दीड वर्षाचा घरखर्च बँकेत असला, तरच विचार करा.

राहिला पाचवा मार्ग, मोटरसायकल उद्योगातच नोकरीचा. इलेक्ट्रॉनिक सिटी केऑनिक्स या सरकारी कंपनीचे अध्यक्ष आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून १९७८ मध्ये ३३२ एकरांवर सुरू झाली ती इलेक्ट्रॉनिक्ससाठी. आज मोटरसायकल हीच निम्मी इलेक्ट्रॉनिक्स झाली आहे, आणि ती बनवणारे कारखाने तुमच्या ऑफिसपासून तासाभराच्या आत आहेत. होसूरला टीव्हीएस, जिथून १९८० मध्ये टीव्हीएस-५० मोपेड बाहेर पडली. होसूरलाच २०२१ पासून एथर. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या परिसरात अल्ट्राव्हायोलेट, जिची एफ७७ नोव्हेंबर २०२२ मध्ये बाजारात आली. आडुगोडीला बॉश. या ठिकाणी बॅटरी मॅनेजमेंट, मोटर कंट्रोल, डॅशबोर्ड, टेलिमॅटिक्स, टेस्टिंग ही कामं आहेत, आणि ती करणारी माणसं तुमच्याच कॉलेजांतून आलेली आहेत. २०२२ मधल्या ई-स्कूटरच्या आगींनंतर एआयएस १५६ हा बॅटरी सुरक्षेचा निकष कडक झाला, त्यामुळे चाचणी आणि प्रमाणीकरण जाणणाऱ्यांना या क्षेत्रात काम आहे.

वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्याला थेट तिथे जाता येत नाही. एम्बेडेड सी, कॅन प्रोटोकॉल, सिम्युलिंक, आणि पुढे आयएसओ २६२६२ हे शिकावं लागतं. एनपीटीईएलचे वर्ग फुकट आहेत, परीक्षेची फी हजाराच्या आसपास. दोन-तीन हजारांत मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि कॅन मॉड्यूल येतं. त्यावर दोन छोटे प्रकल्प स्वतः करा. दीड-दोन लाखांचे खासगी कोर्स आहेत, पण त्यांची फी भरण्याआधी तिथून नोकरी लागलेल्या दोघांशी तरी प्रत्यक्ष बोला. यात सहा महिने ते वर्ष जातं आणि या काळात पगार चालू राहतो, हा याचा सर्वांत मोठा फायदा. सुरुवातीला पगार थोडा कमी घ्यावा लागू शकतो. नव्या कंपन्यांत धोकाही आहे. शेअर्सच्या आश्वासनापेक्षा महिन्याचा आकडा पाहा. पुढे महाराष्ट्रात परतायचं असेल तर हेच कौशल्य पुण्यात आकुर्डी-चाकणला आणि वाहनचाचणी करणाऱ्या एआरएआयमध्ये उपयोगी पडतं.

नोकरीची पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडे महिने राहिले असतील तर ग्रॅच्युइटीसाठी थांबा. पीएफ काढू नका, नव्या नोकरीत वळवा. मोटरसायकलीवर जीव असलेल्या आणि इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्या मराठी मुलामुलींना या पाचांपैकी पाचवाच मार्ग मी सुचवेन. राजीनामा लिहिण्याआधी होसूर, जिगणी आणि चाकणच्या कंपन्यांच्या भरतीच्या जाहिराती तीन महिने वाचा, आणि ज्या कौशल्याचं नाव त्यांत सारखं येतं त्याचा अभ्यास याच आठवड्यात सुरू करा.